एक्सपी काढण्याआधी

वारजे, पुणे
एप्रिल २०१४

प्रिय दीपाली,

काल फोनवर तू म्हणालीस, आई, चिल कर, रविवारी येते, कॉम्प्युटरमधली विंडोज एक्सपी काढून सेव्हन टाकते, दोन तासांचं काम आहे. मी नुसतं "बरं" म्हणाले. तुला तेव्हाच संशय यायला हवा होता. तुझ्या आईने आजवर कशालाही एका शब्दात होकार दिलेला नाही. तुझ्या बाबांशी लग्नाला हो म्हणतानासुद्धा मी अटी घातल्या होत्या आणि त्यातली तंबाखूची अट पाळायला त्यांना तू शाळेत जाईपर्यंतचा काळ लागला. पण तुझ्या मागे कोणीतरी इंग्रजीत तातडीचं काहीतरी समजावत होतं, तू "चल, ठेवते" म्हणालीस आणि ठेवलास. तेव्हापासून मी घाबरलेली आहे. गमतीत म्हणत नाही. भाजी चिरताना हात थांबतात, एवढी घाबरलेली आहे.

व्हायरसला नाही, हे आधीच सांगते. महिनाभर तू मला व्हायरसची भीती घालते आहेस, की आता एक्सपीला कोणी वाली राहिला नाही, कोणीही शिरेल आणि सगळं घेऊन जाईल. अगं, आपल्या मशीनमध्ये शिरून चोर नेणार काय? लोकांच्या लग्नपत्रिका, नामकरणाची आमंत्रणं, वास्तुशांतीची कार्डं आणि एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. त्याची वर्षभर बाहेर जेवायची सोय होईल, एवढंच. अहवाल वाचला तर झोपही चांगली लागेल.

पत्र का, असं तुला वाटेल. वारज्याहून खराडीला पत्र म्हणजे शेजारणीला तार केल्यासारखं. पण फोनवर मी विनोद करते, तू हसतेस, आणि मुद्दा तसाच राहतो. शिवाय फोनवर एखादा शब्द मला चटकन सापडला नाही, तर तू पलीकडे थांबतेस. ते तुझं थांबणं मला ऐकू येतं. कागद थांबतो तो निमूट थांबतो. कॉम्प्युटरवर लिहिलं असतं, तर तुझ्या बाबांनी वाचलं असतं. निवृत्त झाल्यापासून ते पडद्यावर आलेलं काहीही वाचतात, टक्कल घालवण्याच्या जाहिरातीसुद्धा. म्हणून हाताने लिहिते आहे, आणि पोस्टात स्वतः जाऊन टाकणार आहे.

एक्सपी काढू नको म्हणण्याची माझी कारणं तू पाठ केली आहेस आणि तेजसला नक्कल करून दाखवतेस, तेही मला ठाऊक आहे. जावई हसू दाबत माझ्याकडे बघतो, त्यावरून कळतं. एक कारण, आपलं ते जुनं मराठी सॉफ्टवेअर. मशीनच्या मागे तो अंगठ्याएवढा डोंगल खोचल्याशिवाय ते उघडत नाही, आणि नव्या सिस्टिमला तो डोंगल ओळखू येईल की नाही याची खात्री तूही देत नाहीस. दुसरं, दहा-अकरा वर्षांचं काम त्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये आहे. तो फाँट नसलेल्या मशीनवर आपली पत्रिका उघडली, की इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि डॉलरच्या खुणा यांची भेळ होते. तिसरं, मला सवय आहे. तू म्हणतेस, आई, युनिकोड शीक, सोपं आहे. शिकेन. टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आले ती मी, युनिकोडला काय भिते? ही कारणं खोटी नव्हेत. पण ती पुढच्या दारातली माणसं आहेत. पाहुण्यांशी बोलायला ठेवलेली. घरात कोण बसलंय, ते सांगते.

हा कॉम्प्युटर आला तेव्हा तू दहावीत होतीस. त्याआधी मी मंडईमागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, ते तुला आठवत असेल. तू कोपऱ्यात बसून कार्बन पेपरने स्वतःच्या मिशा काढायचीस. देश खुला झाला म्हणे तेव्हा. आमच्या गल्लीत खुलं झालं ते एवढंच, की टायपिंगचे क्लास एकेक करून बंद झाले आणि त्याच जागी कॉम्प्युटरचे क्लास उघडले. खुर्च्या त्याच, फक्त त्यांना गाद्या आल्या आणि फी चौपट झाली. मग मीही घरी कॉम्प्युटर घेतला, हॉलच्या खिडकीत मांडला आणि दारावर "मराठी टायपिंग व डीटीपी" लिहिलं. हायवेवरून ट्रक गेला की अजूनही कॉम्प्युटरचा पडदा थरथरतो. पहिल्या दिवशी तू खोट्या काळजीने म्हणालीस, आई, त्याला थंडी वाजतेय.

या धंद्यात एक वाक्य आहे, "फाँट उडाला". पत्रिका उशिरा झाली, फाँट उडाला. वधूचं नाव वराला लागलं, फाँट उडाला. हिशेब जुळेना, फाँट उडाला. न्हावी कान कापल्यावर "केस काय, वाढतील" म्हणतो, तसं आमचं हे. गिऱ्हाइकाला फाँट म्हणजे काय ते कळत नाही आणि तो उडतो म्हणजे कुठे जातो हेही कळत नाही, म्हणून ते गप्प बसतं. मी हे वाक्य वर्षानुवर्षं वापरलं आणि दर वेळी मनात हसले, कारण चूक कुठे झाली ते मला पक्कं ठाऊक असायचं. बहुतेक वेळा चूक गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरातच असायची. गेल्या दिवाळीनंतर कधीतरी माझं ते हसणं बंद झालं.

सुरुवात झाली ती "ळ"पासून. नामकरणाची पत्रिका होती. "बाळाचे" टाइप करायचं होतं. "बा" झालं आणि बोटं थांबली. ळ कुठे आहे ते बोटांना आठवेना. तुला माहीत आहे, माझ्या कीबोर्डवर छापलेली अक्षरं इंग्रजी आहेत; मराठी सगळं माझ्या बोटांत. खाली बघून उपयोग नाही. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. बोटं कीबोर्डवर तशीच, देवळात चपला हरवलेल्या माणसासारखी उभी. शेवटी मी "बाळाचे" काढून "कन्येचे" केलं. मुलीचा बाप खूश झाला, म्हणाला, मॅडम, भारदस्त वाटतंय. संध्याकाळी ळ आपोआप परत आला, जसा काही कुठे गेलाच नव्हता. मी बाबांना सांगितलं, एक बटण अडकतंय.

आणि तिथून तुझ्या बाबांची लढाई सुरू झाली. तुला हे सगळं विनोदी म्हणून सांगितलेलं आहे. आता परत सांगते, हसू नकोस. तुझे बाबा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर राहिले. त्यांचा धर्म बुद्धाचा, पण श्रद्धा पार्टवर. बिघाड असतो तो पार्टमध्ये, पार्ट बदलला की गाडी रस्त्यावर. ड्रायव्हर चुकला असं त्यांनी कधी कुठल्या बसबद्दल म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांनी आधी कीबोर्ड आणला. मग फेब्रुवारीत मी एका पतसंस्थेच्या सभासदांची नावं टाइप करताना अख्खं एक पान गाळलं, तेव्हा ते म्हणाले, मेमरी गेली असेल. मशीनची म्हणत होते. मेमरी बदलली. मग मार्चमध्ये त्या प्रबंधवाल्या मुलाचं चौथं प्रकरण मी दोनदा टाइप केलं. बाबा म्हणाले, कॉपी-पेस्टचा घोळ, हार्ड डिस्क खराब. मी म्हणाले, हो, तसंच असेल. पण दीपा, ते कॉपी-पेस्ट नव्हतं. दोन्ही प्रती मी शेजारी ठेवून वाचल्या. दोन्हींत चुका वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. म्हणजे मी ते प्रकरण खरोखर दोनदा बसून टाइप केलं होतं, आणि दुसऱ्यांदा करताना मला ते नवीन वाटलं होतं. ते प्रकरण वाचलंस तर ते कोणालाही शंभरदा नवीन वाटेल, कारण त्यात काही नाहीच; पण तो मुद्दा वेगळा.

हार्ड डिस्क आली. दुरुस्तीवाला श्यामसुंदर एक्सपी जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून गेला. जाताना म्हणाला, काका, आता या डब्यात जुनं काही उरलं नाही, फक्त एक्सपी तेवढी जुनी. बाबांनी ते वाक्य पकडलं. म्हणून तर ते तुझ्या मागे लागले की रविवारी ये. परवा जेवताना म्हणाले, एकदा ही एक्सपी गेली की बघ ललिता, तुझं काम कसं पूर्वीसारखं होतं ते. एवढ्या विश्वासाने म्हणाले, की मी त्यांना न विचारता अजून एक पोळी वाढली. कीबोर्ड झाला, मेमरी झाली, डिस्क झाली, खालचा तो विजेचा डबासुद्धा झाला. न बदललेल्या दोनच गोष्टी उरल्या आहेत, एक्सपी आणि मी. आणि रविवारी तू एक्सपी बदलणार आहेस.

तुला माझे आबा फारसे आठवत नसतील. तू त्यांना पाहिलंस ते खाटेवर, गप्प. मला ते आठवतात ते खडकीच्या कारखान्यातून सायकलवर येणारे, हँडलला पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र. अकोल्याकडून रिकाम्या हाताने आलेला माणूस, पण कामगारांच्या सभेत आबा, तिथले रावसाहेब, बोलायला उठले की मॅनेजर बाहेर उभा राहून ऐकायचा. साठीच्या जरा आधी ते पेपरातली तीच बातमी सकाळ-संध्याकाळ वाचायला लागले. चष्मा बदलायला झालाय, म्हणाले. चष्मा बदलला. मग रस्ता चुकले, म्हणाले, नव्या चष्म्यात लांबचं दिसत नाही. तोही बदलला. तिसरा चष्मा अगदी बरोबर निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचायला लावलं, आबांनी खालची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचली. मी टाळी वाजवली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, मी आपली रिक्षा शोधत बसले. त्यानंतर त्यांनी चष्म्याची तक्रार कधी केली नाही. कसलीच केली नाही. हळूहळू बोलणंच सोडलं. आता मला तो अर्थ कळतो, आणि म्हणून मला नवी सिस्टिम नको आहे. नवी सिस्टिम व्यवस्थित चालेल, याचीच मला भीती वाटते.

आता तात्यारावांचं. ते प्रकरण बाबांनी तुला फोनवर रंगवून सांगितलंय, आणि तू इतकी हसलीस की तुझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. तात्याराव म्हणजे आबांच्या खात्यातले, आबांच्याच अकोल्याकडचे, ऐंशीच्या पुढचे, आवाज अजून भोंग्यासारखा. त्यांच्या नातवाच्या मंगल परिणयाची पत्रिका मी केली. निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव, आणि मी त्याच्याआधी लावलं "कालकथित". इतरांकडे माणूस गेला की कैलासवासी होतो. कैलासावर आपलं काही काम नाही, म्हणून आपल्यात कालकथित म्हणतात. एका शब्दात मी धडधाकट माणूस मारला. प्रूफ नातवाने पाहिलं, म्हणजे मोबाइलवर पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही. पत्रिका छापून आल्या आणि तात्याराव काठी टेकत आपल्या दारात. काय वं पोरी, मी मेलो कधी? मले तं कोणी सांगतलं नाही! बाबा धावत आले आणि म्हणाले, मामा, फाँट उडाला असेल. तात्याराव म्हणाले, फाँटानं माणूस मरते काय? मग स्वतःच हसले, चहा मागितला, म्हणाले, तारीख तं सांग, जेवण ठेवा लागते. पुढचे दोन दिवस बाबा आणि मी प्रत्येक पत्रिकेवर त्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवत बसलो. इथपर्यंतचं तुला माहीत आहे, आणि हसण्यासारखंच आहे. मीही हसले होते, सगळ्यांत मोठ्याने.

बाबांना जे माहीत नाही ते असं. ती टायपिंगची चूक नव्हती. वरच्या ओळीतून शब्द खाली घसरला नव्हता, बोट चुकलं नव्हतं. नातवाने दिलेल्या कागदावर तात्यारावांचं नाव साधं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि मला राग आला. आजकालची पोरं, सख्ख्या आजोबांच्या नावाआधी कालकथित लावायची शुद्ध नाही, यांना लग्नं करायला कोण सांगतं, असं मी मनात म्हणाले. आणि मी ते दुरुस्त केलं. माझी आयुष्यभराची खोड, लोकांचं मराठी आणि लोकांची अक्कल दुरुस्त करत बसायची. मला तात्याराव गेल्याचं आठवत होतं, दीपा. नुसतं वाटत नव्हतं, आठवत होतं. खडकीच्या विहारातलं पुण्यानुमोदन, पांढऱ्या साड्या, भन्तेजींचा बसलेला घसा, फोटोसमोरच्या मेणबत्त्या, पंगतीत मला वाढलेली वांग्याची भाजी, जी खारट होती. सगळं बरोबर होतं. फक्त ते पुण्यानुमोदन मुक्ताईंचं होतं, त्यांच्या बायकोचं, दोन वर्षांपूर्वीचं. तात्याराव पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांना तिथून उचलून फोटोत बसवलं.

मी दार उघडलं तेव्हा म्हणून मला हसू आलं नाही, लाज वाटली नाही. मला वाटलं, मेलेला माणूस दारात उभा आहे. आणि नुसतं क्षणभर नाही. ते बोलायला लागले, बाबा आले, खुर्ची ओढली गेली, तरी मला कळेना की बाबा या माणसाशी असे सरळ कसे बोलतायत. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर दोघं हसत होते. मी एकेक गोष्ट ठरवत होते, हा ओटा, हा गॅस, हे दूध, बाहेर तात्याराव आहेत, जिवंत आहेत, दोन चमचे साखर घेतात. मग कपबशा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, मामा, आता तुम्ही शंभर वर्षं जगणार, मी शुभशकुन केलाय. टाळ्या मिळाल्या. तुझी आई कशातूनही सुटते, जिभेवर सुटते.

त्या दिवसापासून रोज उठल्यावर मी आधी गेलेल्यांची नावं मनात म्हणते, मग असलेल्यांची. एकमेकांत मिसळत तर नाहीत ना, ते बघते. काल असलेल्यांत एक नाव घेतलं आणि अडखळले, खात्री होईना. बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, अगं, आहेत की, परवा तर रिक्षात दिसले. मी "हो की" म्हणाले. यंदाच्या जयंतीला मी फ्लेक्सचं एकही काम घेतलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. दरवर्षी त्या आठवड्यात मला जेवायला फुरसत नसते. पोरं आली, ताई, शुभेच्छुकांची नावं टाकून द्या, नेहमीसारखी. मी म्हणाले, मशीन बंद आहे. मशीन त्यांच्यासमोर चालू होतं, पडद्यावर मासे पोहत होते. पोरांनी माशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. एवढ्या नावांत मी कोणाला मारून ठेवलं असतं कोणास ठाऊक. त्यातले अर्धे नगरसेवक व्हायला निघालेले. कोणी म्हणालं असतं, ललिताताईंनी समाजाची सेवा केली. बघ, जीभ अजून चालते. आबांचीही शेवटपर्यंत चालली असती, पण त्यांनीच ती आत घेतली.

मी काल दिवसभर विचार केला. तुला फोन करून सांगावं, नको येऊस, मला एक्सपीच बरी. तुम्ही दोघं थोडं चिडाल, म्हणाल, आईचा हट्ट, पुणेरी आहे, चालायचंच. मग चूक झाली की दोष एक्सपीचा. बाबा शिव्या घालतील तिला, आणि मी बाजूला बसून चहा पिईन. वर्ष निघेल, कदाचित दोन. मी हट्टी आहे, कंजूष आहे, जुन्याला चिकटून आहे असं सगळ्यांना वाटलेलं मला चालेल. उलट फार बरं वाटेल. आणि रविवारी तू सेव्हन टाकलंस, सगळं लख्ख झालं, डोंगलही चालला, फाँटही बसला, आणि सोमवारी मी पुन्हा कोणाला तरी कालकथित केलं, तर? तुझे बाबा त्या डब्याकडे बघतील. त्यात बदलायला काही उरलेलं नसेल. मग ते मान वळवतील. त्या मान वळवण्याला मी घाबरते आहे, दीपा. मरणाला एवढी घाबरत नाही. मरण काय, मी लोकांना एका शब्दात देते.

बाबांना हे सांगता येत नाही. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, अहो, मला वाटतं चूक मशीनची नसावी. ते हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, ललिता, तीस वर्षं तुझं टायपिंग बघतोय, तू चुकूच शकत नाहीस. आणि परत डब्यात डोकं घातलं. कान लाल झाले होते त्यांचे. त्यांना कळलेलं आहे की नाही, ते मला कळत नाही. पण त्यांनी माझी बाजू घेतली आहे, आणि बाजू घेणाऱ्याला खरं विचारता येत नाही.

म्हणून तुला लिहिते आहे. मी शेजारणींना सांगते, आमची दीपाली खराडीला टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. घराण्यातलं कसब आहे, मी तेच आयुष्यभर फुकट केलं. तर रविवारी ये आणि एक्सपी काढून टाक. मी अडवणार नाही. बाबांना आणि तेजसला आंबे आणायला मंडईत पाठव, चांगले निवडून आणा म्हणावं, म्हणजे दोघं भांडत दोन तास घालवतील. आणि तेवढ्या वेळात माझ्या शेजारी बस. मला काहीतरी टाइप करायला दे, नावं असलेलं, आपल्या माणसांची नावं. मी करते. तू बघ. मदत करू नकोस, "आई, नवीन आहे ना, होतं असं" म्हणू नकोस, पाठीवरून हात फिरवू नकोस. ऑफिसात परक्यांच्या कामाकडे बघतेस तशी बघ. आणि मग जे दिसलं ते मला तोंडावर सांग, मला आधी, बाबांना नंतर. काही नसलं तर तसं सांग, मी तुला आयुष्यभर बोलणार नाही, म्हणजे एक दिवसभर तरी. असलं तर सोमवारी रजा टाक आणि मला डॉक्टरांकडे घेऊन चल. मी एकटी गेले तर त्यांना हसवून परत येईन, मला माझी खात्री आहे. आणि दीपा, अजून एकच. हे पत्र आज मी पहिल्यांदा लिहिते आहे, असं मला अगदी पक्कं वाटतंय. पण असंच पत्र तुला माझ्याकडून आधी एकदा आलेलं असेल, आणि मला वाईट वाटेल म्हणून तू ते दडवून काल फोनवर "चिल कर" म्हणाली असशील, तर रविवारची वाट बघू नकोस. आजच ये.

तुझीच, आज तरी सगळ्या नावांसकट,
आई